ॲव्हरेज

चावी हातात देताना कपाडिया साहेब म्हणाले,
आधीचा ड्रायव्हर पेट्रोल खायचा.
अकरा वर्षं होता. आंतोन. वसईचा.
लिटरला नऊ देते गाडी, नऊ!
मी मान डोलावली.
नवा माणूस पहिले आठ दिवस मानच डोलावतो.

मग खाली वाकून बघितलं.
चारही टायर बसलेले,
जेवून पाय पसरलेल्या पाहुण्यासारखे.
सकाळी सहाला ताडदेवच्या पंपावर नेली,
रबर थंड असतं तेव्हा.
पुढे तेहतीस, मागे तेहतीस.
हवावाला पोरगा म्हणाला, फुकट आहे काका,
म्हणूनच कोणी मागत नाही.

एअर फिल्टर उघडला, तर आत
अख्ख्या मेट्रोची खोदाई.
डिकीत गोल्फची पिशवी, पाण्याच्या बाटल्यांचे दोन खोके,
बाथरूमच्या उरलेल्या लाद्या,
आणि कुठल्याशा दिवाळीचे सुक्या मेव्याचे डबे,
कुणालातरी द्यायचे राहून गेलेले.
सगळं वॉचमनच्या खोलीत ठेवलं, यादी करून, सही घेऊन.
आमच्या धंद्यात सही लागते.

बाकी काम पायाचं.
भांडुपला आमच्या खोलीत रात्री उठलो
तर झोपलेल्या धाकटीला ओलांडून मोरीकडे जावं लागतं.
तसा पाय ठेवायचा एक्सलरेटरवर.
लांबून लाल दिसला की उचलायचा.
धावत जाऊन काय मिळतं त्याच्याकडे?

हाजी अलीला आकडे उलटे पळतात, एकशे दहा, एकशे नऊ.
मी इंजिन बंद करतो.
मागच्या सीटवरून आवाज येतो, बंद पडली?
नाही साहेब, थांबलीय.

वही घातली. तारीख, किलोमीटर, लिटर,
शेजारी पावती टाचून.
पहिल्या महिन्यात दहा. मग अकरा.
तिसऱ्या महिन्यात साडेबारा,
ते मी दोनदा भागाकार करून बघितलं.
वाटलं, दाखवावं.

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला,
पानं मागेपुढे केली, आणि म्हणाले,
बघ. म्हणजे तो खातच होता.

पाचशेची नोट दिली.
घेतली मी. नाही म्हणायला
घरात सिलिंडर भरलेला असावा लागतो.
पण त्या दिवसापासून पाय जड झाला.
माझ्या एकेका वाचलेल्या लिटरनं
आंतोनच्या नावावर एकेक चोरी चढत होती,
आणि पुरावा मी लिहीत होतो,
माझ्याच अक्षरात.

रविवारी वसई गाठली.
आंतोन शाळेची व्हॅन धूत होता, बादलीभर पाण्यात, पाइप न लावता.
वही बघून हसला.
टायरचं मी सांगायचो रे, दर महिन्याला.
म्हणायचे, पुढच्या महिन्यात.
आणि त्यांना सवय उशिरा निघायची, वेळेत पोचायची.
मधलं अंतर कोण खाणार?
पेट्रोलच खाणार.
मग फडकं पिळलं आणि विचारलं,
दुसरा गिअर अजून अडकतो का तिचा, सकाळी सकाळी?
अडकतो, म्हटलं.
हळू घाल, म्हणाला. चिडते ती.

सोमवारी वहीच्या पहिल्या पानाआधी
एक कोरं पान होतं, तिथे लिहिलं:
गाडी ताब्यात घेतली तेव्हा
हवा प्रत्येकी एकोणीस.
फिल्टर बंद.
डिकीत अठ्ठेचाळीस किलो, मालकांचं सामान.
वरील कारणांमुळे नऊ.
आणि महिन्याच्या हिशेबाबरोबर पुढे केलं.

साहेब फोनवर होते.
वाचलं नाही. सही केली, दोन्ही पानांवर,
खाली लांब रेघ ओढून.

आता ते पान डॅशबोर्डच्या कप्प्यात असतं,
पीयूसीच्या कागदाखाली.
कोणी मागणार नाही. हवेसारखंच ते.

केम्प्स कॉर्नरचा उतार आला.
गिअर तसाच ठेवला, पाय उचलला,
मागून कोणीतरी हॉर्न दिला, देऊ दे.
गाडी आपली आपण गेली
खालपर्यंत.